भिंत म्हणजे रूळ, दार म्हणजे स्टेशन: दृष्टिहीन मुलांसाठी चालण्याचे खेळ

दिसत नसलेलं मूल बरेचदा जागचं हलत नाही, कारण समोर काही आहे हेच त्याला कळलेलं नसतं. दिसणारं बाळ खुळखुळा पाहून रांगत जातं. याच्यासाठी तो वाजला तरच आहे. म्हणून हात धरून चालवण्याआधी आवाजाशी खेळा.

पहिला खेळ बसूनच. समोरासमोर पाय फाकवून बसा आणि चेंडू घरंगळत सोडा. घुंगरांचा चेंडू नसेल तर साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, पिशवी चुरचुरते. निसटला की लगेच उचलून देऊ नका. "कुठे गेला?" विचारा, बोट दाखवू द्या, मग शोधू द्या. थांबलेला चेंडू गप्प होतो, त्यामुळे शेवटचा आवाज कुठून आला ते लक्षात ठेवावं लागतं. टीव्ही बंद हवा, आणि सूचना देणारं माणूस एकच.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा खेळ आगगाडीचा. भिंत म्हणजे रूळ, दारं म्हणजे स्टेशनं. भिंतीकडचा हात कमरेच्या उंचीवर, शरीराच्या जरा पुढे, बोटांची मागची बाजू भिंतीला टेकलेली. बोटं ताठ पुढे केली तर चौकटीवर आपटून मुरगळतात. दार आलं की मुलानेच पुकारायचं, "स्वयंपाकघर!" खुणा घरातल्याच: फ्रिजची घरघर, फोडणीचा वास, न्हाणीघराची गार फरशी. परतताना स्टेशनांचा क्रम उलटा. घराचा नकाशा डोक्यात बसतो तो इथे. या दिवसांत सामान हलवू नका आणि दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट दाराची कड थेट कपाळाला लागते.

मग पकडापकडी. पळणाऱ्याच्या पायात घुंगरू, हद्दीवर सुतळी आणि वरून चिकटपट्टी, म्हणजे रेष पायाला कळते. गोलबॉल या दृष्टिहीनांच्या चेंडूच्या खेळात मैदानावर रेषा अशाच आखतात. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली सुरू झालेला तो खेळ १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. शेजारच्या मुलांना बोलवाच.

पांढऱ्या काठीसाठी मूल मोठं होण्याची वाट पाहू नका. तालावर चाला: उजवं पाऊल पुढे तेव्हा काठीचं टोक डावीकडे, डावं पुढे तेव्हा उजवीकडे. जमलं की काठीच्या आवाजावरून फरशी, माती, खडी ओळखायला लावा.

बाहेर पडताना तुम्ही त्याचा हात धरू नका, त्याला तुमचं मनगट धरू द्या आणि अर्धं पाऊल मागे चालू द्या. जिन्यापाशी थांबून चढायचंय की उतरायचंय ते सांगा. रस्ता ओलांडणं मात्र खेळात घेऊ नका. ते मोबिलिटीच्या, म्हणजे दृष्टिहीनांना स्वतः हिंडायला-फिरायला शिकवणाऱ्या, प्रशिक्षित शिक्षकांकडूनच शिकू द्या.