सायकलच्या किट इंजिनला प्लग निवडताना या चुका टाळा

सायकलला बसवायचं ते चायना किट, म्हणजे ८० सीसी सांगून विकतात आणि प्रत्यक्षात ६६च्या आसपास भरतं ते टू-स्ट्रोक इंजिन, ते चालू होईना झालं की पोरांचा पहिला हात प्लगवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवर जातो. प्लग स्वस्त, एका पान्यात निघतो, म्हणून तोच बदलायचा, परत बदलायचा, आणि तरी जमलं नाही की सायकल आमच्याकडं टाकायची. साताऱ्यात छोटी इंजिनं, फवारणी पंप, ग्रास कटर हेच माझं रोजचं काम, त्यामुळं त्याच त्याच चुका बघून बघून शेवटी लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट. २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की मोटार वाहन कायद्याच्या लेखी ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. रानात, आपल्या जागेत चालवा, पोवई नाक्यावर आणू नका.

आटे जुळले म्हणून प्लग बसवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या इंजिनाला १४ मिमी आट्याचा आणि १२.७ मिमी लांबीचा प्लग लागतो. लांबी म्हणजे वायसर टेकतो तिथपासून आटे संपतात तिथपर्यंत. आता १४ मिमी आटे कितीतरी प्लगना असतात, चारचाकीच्या प्लगला पण आणि फवारणी पंपाच्या प्लगला पण, पण लांबी प्रत्येकाची वेगळी. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटाकडं एच असेल तर १२.७, ई असेल तर १९ मिमी. म्हणजे बी६एचएस चालतो, बी६ईएस नाही, एका अक्षरात सहा मिमीचा फरक आहे. आणि पंपाचा बीपीएमआर७ए तर फक्त साडेनऊचा.

कोरेगावकडचा एक कॉलेजचा पोरगा आला होता. घरातल्या जुन्या गाडीचा प्लग पडलेला, तो त्यानं सायकलला लावला. इंजिन फिरवलं तर पिस्टन टेकला, इथंच थांबायला पाहिजे होतं की नाही, पण कुणीतरी सांगितलं दोन वायसर जादा टाक, मग त्यानं वायसरवर वायसर टाकून प्लग वर उचलला आणि चालवली. चालली पण! तेच वाईट झालं. वायसर दाबून दाबून बसत गेले, प्लगचे उघडे आटे आत जळणाऱ्या गॅसमध्ये लोंबकळत राहिले, ते तापून लाल झाले की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, इंजिन खडखडतं, गरम होऊन बंद पडतं. त्याचं असंच व्हायला लागलं, मग माझ्याकडं आणली. मी म्हटलं, "अरे हा प्लग कुठला घातलास?" तर म्हणतो, "काका, आटे जुळले की."

प्लग काढायला घेतला तर निघेना. आत राहिलेल्या आट्यांवर कार्बन दगडासारखा बसलेला, रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी थोडं पुढं थोडं मागं करत काढला, तरी शेवटचे आटे येताना हेडचं ॲल्युमिनियम घेऊनच आले, प्लगला पांढरी चकचकीत तार गुंडाळावी तसं. आणि प्लगचा खालचा पाय पार आत दाबलेला, गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, नावालाच उरलेली. हेड लेथवर नेऊन इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बांगडी, टाकून घेतला. नवा प्लग केवढ्याला येतो आणि हे काम केवढ्याला गेलं, त्याच्या वडलांचा चेहरा बघवत नव्हता. पोराला मी बोललो नाही फार, पण जादा वायसर टाकायचा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आखूड प्लग घातला तर पिस्टन वाचतो, पण ठिणगी हेडच्या भोकात वर अडकून राहते, इंजिन मिस मारतं, आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत कार्बन भरतो. नंतर योग्य प्लग घालायला जाल तर तो तिरका चढतो.

माझी सवय साधी आहे, जुना आणि नवा प्लग शेजारी शेजारी धरायचा, वायसरच्या कडा एका रेषेत आणायच्या आणि आटे एकाच ठिकाणी संपतात का बघायचं. दुकानात काउंटरवरच बघा, घरी येऊन नको.

मोठा नंबर म्हणजे जास्त पॉवर

नाही. हा नंबर, म्हणजे बी६एचएस मधला ६, पॉवरचा नाहीच, प्लगचं टोक उष्णता किती पटकन हेडला देऊन टाकतं त्याचा आहे. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर त्यावर कार्बन धरतो, ८०० च्या वर गेलं तर तेच टोक पेट्रोल पेटवायला लागतं. आपल्याला मधलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे एनजीकेत नंबर मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे उष्णता पटकन देऊन टाकणारा, बॉश कंपनीत उलटं, नंबर मोठा तेवढा गरम. एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ जवळपास एकाच पायरीवर बसतात. हे माहीत नसलं की दुकानदार "तो नाय, हा घ्या, एकच आहे" म्हणतो आणि आपण घेतो.

परळी खोऱ्यातले एक दादा रानातल्या चढानं वैरण ओढतात अशा सायकलवर. त्यांना कुणीतरी सांगितलं चढाला ९ नंबर घाला. घातला. चढाला ठीक, पण सपाटीला हळू चालवलं की प्लग ओला काळा होऊन शॉर्ट, रोज काढा, पुसा, घाला. ६ घातला, त्रास गेला. ओझं घेऊन सारखाच चढ असेल तर ७ घालून बघायला हरकत नाही, त्याच्या पुढं स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेल्या इंजिनाला जायचं कारण मला तरी दिसत नाही.

रंग बघायच्या आधीच प्लग बदलणं

चॉकलेटी असेल तर छान चाललंय. काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोलमधलं ऑईल जास्त किंवा मिश्रण घट्ट, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त (नवीन इंजिनाला पहिल्या काही टाक्या ऑईल जास्तच घालायचं असतं, तेव्हा काळा दिसणार, घाबरू नका). पांढराफटक असेल तर मात्र थांबा. या किटमध्ये कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या नळीच्या गॅसकेटमधून जादा हवा ओढली जाते, हे इतक्या वेळा बघितलंय की पांढरा प्लग दिसला की मी आधी तिथंच हात घालतो. त्यावर थंड प्लग लावून गप्प बसवलं तर इंजिन जाम होईपर्यंत कळणार नाही.

रंग बघायचा तर जरा लांब फुल रेसवर पळवायची, क्लच दाबून स्विच बंद करायचा आणि तसाच थांबून प्लग काढायचा. उभ्या जागी पाच मिनिटं स्लो चालवून काढलेला प्लग काळाच दिसतो, त्यावरून काही ठरवू नका.

बाकीच्या

गॅप ०.६ ते ०.७ मिमी, फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी मोजा, हॅक्सॉ ब्लेडनं अंदाज घेऊ नका.

तारेचा ब्रश पांढऱ्या चिनीमातीवर घासू नका, धातूची रेघ उमटते आणि करंट तिथून पळतो. पेट्रोल आणि जुना टूथब्रश पुरे.

इरिडियम टोकाचा महागडा प्लग घेऊ नका. प्लगवर बसणारी वायरची ढिली कॅप आणि ऑईलचं चुकलेलं माप त्यानं सुधारत नाही.

प्लगच्या डोक्यावरचा बारीक नट तुमच्या कॅपला लागतो का नाही ते बघा. कॅप टक्‌ करून बसली पाहिजे. निम्म्या "खराब" प्लगांचं दुखणं इथं असतं.

करंट, म्हणजे ठिणगी पडते का बघताना काढलेल्या प्लगला कॅप लावून त्याचं अंग हेडला नीट टेकवा, मागचं चाक स्टँडवर उचलून पायडलनं फिरवा, आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या.

आणि बसवताना पाना शेवटी. गार इंजिनावर आधी बोटांनी वायसर टेकेपर्यंत, मधेच अडला तर काढून परत, जोर लावून पुढं न्यायचं नाही. टेकला की नव्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा, जुनाच परत घालत असाल तर जेमतेम टिचकीभर. हेड ॲल्युमिनियमचं आहे.