वाडगा कातायला घेतला आणि खल झाला? या चुका टाळा

नवख्या हाताने लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, कातलेला लाकडी वाडगा लांबूनच ओळखू येतो. बूड रुंद, बाजू सरळसोट, तळ दोन बोटं जाड. उचलला की खलबत्त्यातला खल उचलल्यासारखा वाटतो. माझे पहिले तीन असेच आहेत. एकात किल्ल्या असतात, एकात लसूण, तिसरा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दारापाशी. दोष आपण हत्याराला देतो, पण आकार बिघडतो तो बहुतेक वेळा भीतीने. तळाला भोक पडेल, काठ तुटेल, चांगलं लाकूड वाया जाईल, म्हणून माणूस हात राखून कातत राहतो.

सुरुवात बुडापासून. चकमध्ये, म्हणजे लेथच्या लाकूड धरणाऱ्या पकडीत, पकडायला खाली जी खुंटी ठेवतो, तिच्या मापावरच बरेच जण वाडग्याचं बूड ठरवून टाकतात. चकचे जबडे मोठे म्हणून खुंटी मोठी, म्हणून बूड मोठं. 10 इंची वाडग्याला साडेतीन इंचांच्या आसपास बूड पुरतं. पकडीसाठी खुंटी त्याहून रुंद ठेवावी लागली तर ठेवा. शेवटी वाडगा उलटा लावून ती कातून काढायचीच असते. पण पोटाची रेषा खुंटीपाशी अडकू देऊ नका. ती खुंटीच्या आतून, तळाखालून पलीकडे निघाल्यासारखी दिसली पाहिजे.

ही रेषा बघायची कुठे? कातताना सगळं लक्ष हत्याराच्या टोकावर असतं, तिथे फक्त भुसा दिसतो. फिरत्या वाडग्याची वरची कड बघा, मागच्या भिंतीवर ती स्वच्छ उठून दिसते. मग लेथ बंद करून लवचीक स्टीलची पट्टी बाहेरून टेकवा आणि मागे टॉर्च धरा. जिथून उजेड झिरपतो तिथे खोलगट. त्या खोलगट जागेच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर पेन्सिल फिरवा आणि तेवढेच कातून काढा. शेवटी डोळे मिटून काठापासून बुडापर्यंत बोट फिरवा. मला तरी डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं. बाहेरची रेषा मनासारखी होईपर्यंत आत हात घालू नका, कारण आतला आकार तिच्याच मागे जाणार आहे.

लाटणं कातलेल्यांनी इथे जरा थांबावं. लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या आसाला समांतर असतात, नेहमीच्या वाडग्यात आडवे. म्हणून दर फेऱ्यात दोन जागी हत्यार तंतूंच्या उघड्या तोंडांवर येतं, आणि समोरासमोरचे दोन खरखरीत पट्टे पडतात ते तिथेच. पॉलिशपेपरने ते घासून काढायला गेलात तर शेजारचं मऊ लाकूड आधी झिजतं आणि गोलाई जाते. उपाय म्हणजे हत्याराला ताजी धार लावून अगदी हलका शेवटचा हात, बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे. उलट दिशेने गेलात की तंतू उपटले गेलेच. आणि लाटण्याचा चौकोनी ठोकळा गोल करायचं ते रुंद पन्हळीचं हत्यार वाडग्यावर कधीही वापरू नका. त्याची मुठीत बसणारी शेपटी बारीक असते, झटका बसला की तिथून मोडते.

झटक्यांबद्दल थोडं. हत्यार अचानक लाकडात घुसून गचका बसतो, कारण धारेमागचा घासलेला उतार लाकडावर टेकलेला असावा लागतो, तो टेका सुटलेला असतो. आतून काठावर पहिला हात घेताना तर हा टेका नसतोच, म्हणून हत्यार घसरतं. तेव्हा हत्याराची पन्हळ, म्हणजे पात्यातली लांब खाच, बाजूला, वाडग्याच्या पोकळीकडे वळवा, मूठ घट्ट धरून हळूच शिरा आणि टेका मिळाल्यावर पुढे जा. वेग ठरवायला 6000 ते 9000 या आकड्याला इंचातल्या व्यासाने भागा. 10 इंचाला मिनिटाला 600 ते 900 फेरे येतात. एका बाजूला जड असलेल्या ओबडधोबड ठोकळ्याला त्याहूनही कमी. पूर्ण चेहरा झाकणारं कवच हवंच.

आतली नेहमीची तक्रार: वाडग्याची भिंत तळाला मिळते तिथे कोपरा आणि मधोमध टेंगूळ. भिंतीसाठी घासलेलं हत्यार वळणावर उताराचा टेका सोडतं, म्हणून तळासाठी जास्त उभ्या उताराचं दुसरं हत्यार ठेवा. भिंत वरून इंच-दीड इंच अशा टप्प्यांनी पूर्ण करत खाली जा. तळ पोखरून झाल्यावर परत काठाकडे वळलात तर पातळ काठ थरथरतो आणि लाटा उठतात.

तळाची खोली मात्र अंदाजाने ठरवू नका. माझ्या चौथ्या वाडग्याची जाडी मी खुंटीच्या खालच्या टोकापासून मोजली. आकडा छान आला. मग उलटा लावून खुंटी कातून काढली तर तळातून पलीकडचा बल्ब दिसू लागला. मोजमाप खुंटीच्या मुळापासून घ्यायचं. मध्यभागी हव्या त्या खोलीचं भोक आधीच पाडून ठेवलं की टेंगूळ आणि अंदाज दोन्ही टळतात.

ओल्या लाकडाचं वेगळं. पावसाळ्यात पडलेली आंब्याची फांदी फुकट मिळते आणि लोण्यासारखी कातली जाते, पण एका दमात पूर्ण केली तर वाळताना लंबगोल होते. खोडाचा मधला कणा ठोकळ्यात येऊ देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे 10 इंचाला एक इंच जाड ठेवा आणि वाडगा त्याच्याच भुशासकट कागदी पिशवीत भरून वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये पंख्याखाली ठेवलेला वाडगा दोन दिवसांत फुटलेला मी पाहिला आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बुडावर पेन्सिलीने लिहायचं. आकडा काही महिने उतरत जातो. लागोपाठ तीन रविवारी तोच आकडा आला की लंबगोल झालेली खुंटी आधी गोल करून घ्यायची आणि वाडगा पुन्हा लेथवर चढवून शेवटच्या जाडीपर्यंत कातायचा.