नाशिकच्या हवेत मॉन्स्टेरा कसा वाढवावा

मॉन्स्टेरा हा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या वर्षावनांतला वेल, आपल्या अळू-सुरणाच्याच कुळातला. तिकडे तो मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढतो आणि हवेत सोडलेल्या मुळांनी ओल घेतो. नाशकात त्याला दोनच गोष्टी जड जातात: डिसेंबर-जानेवारीतली थंडी आणि एप्रिल-मेमधली कोरडी झळ. पावसाळा मात्र चांगला मानवतो. म्हणून रोप आणायचं ते जूनच्या सरी सुरू झाल्यावरच.

रोप निवडताना

लहान रोपाची पानं अखंड, बदामी आकाराची असतात. चिरा आणि भोकं वेल मोठा झाल्यावर, तेही पुरेसा उजेड मिळाला तरच पडतात. त्यामुळे पानांच्या नक्षीपेक्षा देठांची बेचकी आणि पानांची मागची बाजू बघा. तिथे कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण (द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको). ते रोप तिथेच राहू द्या. निळ्या-गुलाबी मॉन्स्टेराचं बी म्हणून ऑनलाइन जे विकतात ती शुद्ध फसवणूक; असा मॉन्स्टेरा नसतो.

माती

सगळं यश-अपयश इथे ठरतं. आपली काळी माती शेतात सोनं असेल, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, वाळली की दगड होते आणि मॉन्स्टेराच्या मुळांना हवाच मिळत नाही. त्याऐवजी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि एकेक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू आणि गांडूळखत घ्या. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवा, तिच्यात क्षार असतात. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा जेमतेम दोन-तीन इंच मोठी पुरते. तळाला भोकं हवीतच.

आधाराची काठीही लागवडीच्या वेळीच रोवा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. पीव्हीसी पाइपला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला की काम भागतं. बांधायचं ते खोड, पानांचे देठ नाहीत. देठ उजेडाकडे वळायला मोकळे हवेत. हवेतली मुळं काठीच्या बाजूला ठेवा. उन्हाळ्यात काथ्या रोज ओला केलात तर ती त्यात शिरतात आणि पुढची पानं मोठी येतात.

उजेड आणि पाणी

पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत मे महिन्यातलं ऊन पानांवर तपकिरी चट्टे पाडतं, तिथे ठेवायचंच तर हिरवी शेडनेट बांधा. पाण्याला वार ठरवू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. थंडीत हे अंतर आपोआप वाढतं. बहुतेक मॉन्स्टेरा याच दिवसांत अतिपाण्याने सडून जातात. सकाळी पानांच्या टोकाला थेंब दिसले तर घाबरू नका, जास्तीचं पाणी वेल असंच बाहेर टाकतो.

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की कुंडी बाल्कनीतून घरात घ्या. दहा अंशांच्या आसपास वाढ थांबते, त्याखाली पानं काळवंडू शकतात. तेव्हा खतही बंद. एरवी जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात ग्रॅमभर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पुरे.

पानं ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर धूळ जाते आणि उन्हाळ्यातला लाल कोळीही (पानातला रस शोषणारी बारीक कीड) वेळीच दिसतो. पिठ्या ढेकूण थोडाच असेल तर स्पिरिटचा बोळा, पसरला असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब पातळ साबण, फवारणी संध्याकाळी.

नवं रोप

जुलैमध्ये, हवेतलं मूळ फुटलेल्या पेराच्या खाली स्वच्छ कात्रीने कापा आणि तो तुकडा पाण्यात ठेवा. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण त्याला कोंब येणार नाही. पाणी तीन-चार दिवसांनी बदला, मुळं बोटभर झाली की वरच्याच मिश्रणात लावा. कापल्यावर हात धुवा, चिकाने खाज सुटते. अळवासारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, तेव्हा रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा.