नवी जोडी ‘फालतू’ ठरवण्याआधी या चुका टाळा : राइज ऑफ किंगडम्स

“मामा, काओ काओ-मिनामोतो एकदम फालतू जोडी आहे. आठवडाभर वापरली, रोज मार खाल्ला.”

मस्कतहून भाच्याचा हा व्हॉइस मेसेज आला. राइज ऑफ किंगडम्स या मोबाइलवरच्या युद्धाच्या गेममध्ये प्रत्येक मार्च, म्हणजे मैदानात पाठवलेलं सैन्य, दोन कमांडर नेतात. एक प्रायमरी (मुख्य), दुसरा सेकंडरी (जोडीचा). काओ काओ आणि मिनामोतो हे त्यातलेच दोघे. मी जोडीबद्दल काही बोललोच नाही. म्हटलं, प्रायमरी कोण ठेवलायस? जरा वेळाने उत्तर आलं, “काओ काओ. का? काय फरक पडतो?”

सगळाच फरक पडतो. (भारतात हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये ११८ अ‍ॅपवर आलेल्या बंदीत गेला. त्यामुळे माझ्या ओळखीत आता खेळतात ते परदेशातलेच, आणि अशा तक्रारी मला रात्री-अपरात्री येतात.)

प्रायमरी-सेकंडरीचा क्रम कसाही लावणं

दोन्ही कमांडरांची स्किल्स मार्चला मिळतात, पण टॅलेंट आणि इक्विपमेंट फक्त प्रायमरीचं चालतं. सेकंडरीच्या अंगावर सोन्याचं चिलखत चढवलंत तरी लढाईत त्याचा उपयोग शून्य.

आता याच दोघांकडे बघा. दोघेही घोडदळाचे, दोघांकडे पीसकीपिंगचं, म्हणजे गेमनेच उभ्या केलेल्या बार्बेरियन टोळ्यांशी लढायचं, टॅलेंट-झाड. फरक तिसऱ्या झाडात आहे. मिनामोतोकडे स्किल, काओ काओकडे मोबिलिटी. म्हणजे मिनामोतो पुढे असेल तर जोडी ॲक्टिव्ह स्किलचा जोरदार दणका देणारी होते आणि काओ काओ पुढे असेल तर पळणाऱ्याला गाठणारी. भाच्याने पाठलागाची जोडी घेतली आणि ती खिंडीच्या तोंडाशी, चार जणांच्या गराड्यात उभी केली. मार खाणारच ना!

आणखी एक. नुसता क्रम उलटा करून ‘दोन्ही करून बघितलं’ म्हणू नका. आता पुढे आलेल्या कमांडरचं टॅलेंट नीट लावलंय का, त्याच्या अंगावर इक्विपमेंट आहे का, हे आधी बघा. नाहीतर एकीकडे नटवलेला मिनामोतो आणि दुसरीकडे उघडाबोडका काओ काओ, अशी ती तुलना होते.

५-१-१-१ वर बसून ५-५-५-५ च्या गप्पा

व्हिडिओत जोडी तुफान चालते, आपल्याकडे रांगते. बहुतेक वेळा कारण हेच. लेजंडरी (सर्वात वरच्या दर्जाच्या) कमांडरची चारही स्किल्स पाचव्या पातळीवर, म्हणजे ५-५-५-५ वर, न्यायला ६९० स्कल्प्चर (स्किल वाढवायला लागणारे पुतळे) लागतात आणि चारही पाचवर गेल्याशिवाय एक्स्पर्टीज, म्हणजे शेवटची खास वाढ, उघडत नाही. कित्येक कमांडरांचा खरा जीव त्या एक्स्पर्टीजमध्येच असतो. अर्धवट कमांडर वाईट नसतो, तो अर्धवट असतो एवढंच.

इथे एक जुना खड्डा आहे, ज्यात मीही पडलोय. स्कल्प्चर टाकल्यावर उघडलेल्या स्किल्सपैकी कुठलं वाढेल ते आपल्या हातात नसतं. पहिलं स्किल पाचवर जाण्याआधीच हौसेने तारे वाढवले, की दुसरं-तिसरं उघडतं आणि स्कल्प्चर भलतीकडे वाहून जातात. जिथे पहिल्या स्किलवरच सगळी मदार असते, तिथे २-३-२-१ असं काहीतरी विचित्र प्रकरण हातात उरतं. मग दोष जोडीला. आधी पहिलं पूर्ण, मगच पुढचा तारा.

रिपोर्टमध्ये फक्त किल पॉइंट बघणं

ही चूक मुरलेले खेळाडूही करतात. टी-४ (चौथ्या दर्जाच्या) एका सैनिकामागे १० किल पॉइंट मिळतात, टी-५ मागे २०. म्हणजे टी-४ चे २० हजार पाडले काय किंवा टी-५ चे १० हजार पाडले काय, आकडा दोन लाखच दिसणार. काल समोर टी-४ वाला होता, आज टी-५ वाला. किल पॉइंट दुप्पट झाले म्हणून नवी जोडी दुप्पट भारी?

रिपोर्ट उघडला की मी आधी दोन्ही बाजूंचे गंभीर जखमी आणि मेलेले बघतो. किरकोळ जखमी शहरात परतल्यावर आपोआप बरे होतात, त्यांचे किल पॉइंटही नाहीत, म्हणून ते बाजूला. गंभीर जखमी मात्र हॉस्पिटलात जातात, तिथे साधनसामग्री आणि वेळ खातात. माझे किती गेले, त्याचे किती गेले, हाच ट्रेड.

त्यातही सन त्झू किंवा यी सेओंग-ग्येसारख्या एकावेळी अनेकांना झोडपणाऱ्या कमांडरांचे आकडे एकट्या लक्ष्यावर मारणाऱ्या मिनामोतोशेजारी ठेवू नका. गर्दीत त्यांचे आकडे फुगणारच. मिनामोतोचं काम समोरचा एक मार्च लवकर संपवणं हे आहे, तेव्हा त्याच्याबाबत तो मार्च किती वेळात संपला ते बघा.

चुकीच्या मैदानात परीक्षा

बार्बेरियनवर जोडी तपासणं सोपं, स्वस्त आणि बिनकामाचं. पीसकीपिंग टॅलेंट लावलं असेल तर तिथला निकाल माणसांविरुद्ध लागू पडतच नाही.

सनसेट कॅनियन या गेममधल्या स्पर्धेत सैनिक मरत नाहीत हे खरं, पण तिथे मांडणी लावून दिली की पुढचं आपोआप होतं. माघार नाही, पाठलाग नाही. काओ काओसारख्याची अर्धी किंमत तिथे दिसतच नाही. मला स्वतःला आर्क ऑफ ओसायरिस हा सांघिक सामना बरा वाटतो. तीस विरुद्ध तीस, समोर जिवंत माणसं, आणि सैनिक मरत नाहीत.

तरीही निकाल विचित्र येत असेल तर

मार्चमध्ये भेसळ आहे का ते बघा. घोडदळाच्या कमांडरखाली ‘जागा उरली’ म्हणून तिरंदाज भरले, तर घोडदळापुरते असलेले फायदे त्यांना मिळत नाहीत.

समोर कोण होतं तेही बघा. पायदळ घोडदळाला भारी, घोडदळ तिरंदाजांना, तिरंदाज पायदळाला. घोडदळाची जोडी सलग तीन वेळा पायदळावर घालून ‘जमत नाही’ म्हणणं म्हणजे चाकूने नारळ फोडायला जाणं.

रेज (लढताना साठत जाणारा जोश) १००० झाली की प्रायमरीचं स्किल सुटतं आणि त्यापाठोपाठ सेकंडरीचं. समोर ग्वान यू असेल तर तो सायलेन्स लावतो, आणि त्या वेळात आपलं ॲक्टिव्ह स्किल सुटत नाही. स्किलच्या दणक्यावर जगणारी जोडी तिथे मुकी होते. तसे सामने वेगळे मोजा.

शिवाय त्या दिवशी रून (तात्पुरती ताकद देणारा) होता का, जस्टिसचं टायटल (ताकद वाढवणारी पदवी) मिळालं होतं का, शहराची थीम बदलली होती का, हेही आठवून बघा. जुन्या जोडीला हे सगळं आणि नवीला काहीच नाही, असं नकळत फार होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि एका लढाईवरून काही ठरवू नका. काही स्किल्स ठरावीक शक्यतेनेच लागतात, एखाद्या दिवशी ती लागतच नाहीत. मी निदान आठ-दहा रिपोर्ट जमल्याशिवाय तोंड उघडत नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने मिनामोतो पुढे घेतला, टॅलेंट रीसेट केलं, त्याबद्दल कुरकुरही केली. दोन दिवसांनी रिपोर्टचा स्क्रीनशॉट आला. वरचा भाग कापलेला, फक्त किल पॉइंट दिसत होते. मी लिहिलं, “पूर्ण पाठव.”