सोफुबीचा संग्रह : सुरुवात तळव्यापासून

मऊ व्हिनाइल या प्लास्टिकच्या पोकळ बाहुल्यांना जपानमध्ये ‘सोफुबी’ म्हणतात. ‘सोफुतो बिनीरू’ या शब्दांचे ते लघुरूप आहे. राक्षस, विचित्र प्राणी, भुतेखेते आणि कोणत्याच कथेत नसलेली, केवळ शिल्पकाराच्या डोक्यातून निघालेली पात्रे या माध्यमात घडवली जातात. नवा संग्राहक बहुधा रंगाला भुलतो. माझ्या मते त्याने सर्वप्रथम मूर्ती उलटी करून तिच्या पायांचे तळवे पाहायला शिकावे, कारण खेळण्याची जन्मपत्रिका तेथेच छापलेली असते.

या छंदाची मुळे 1966 मध्ये आहेत. त्या वर्षी जानेवारीत ‘अल्ट्रा क्यू’ आणि जुलैमध्ये ‘अल्ट्रामॅन’ या राक्षसांच्या मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाल्या, राक्षसांची लाट उसळली आणि मारुसान या कंपनीने त्यांची व्हिनाइलची खेळणी बाजारात आणली. मारुसान बुडाल्यावर तेथील माणसांनी 1969 मध्ये बुलमार्क स्थापन केली. तीही 1977 मध्ये बंद पडली. या दोन नावांच्या जुन्या मूर्ती आज सर्वाधिक मोलाच्या मानल्या जातात. मात्र त्याच रूपाच्या नव्या आवृत्त्या नंतर अधिकृतपणे निघाल्या आहेत. जपानी विक्रेते त्यांना ‘फुक्कोकु’ म्हणतात. विक्रीच्या वर्णनात हा शब्द असेल तर ती मूर्ती जुनी नव्हे. फुक्कोकु विकत घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त तिची किंमत जुन्या मूर्तीइतकी मोजू नये.

मूर्ती कशी घडते हे ठाऊक असले की तिच्यातले गुणदोष आपोआप दिसू लागतात. मूळ शिल्पावरून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवतात आणि मेण वितळवून काढले की पोकळ साचा उरतो. त्यात पातळ व्हिनाइल ओतून साचा तापलेल्या तेलात बुडवतात. भिंतीलगतचा थर घट्ट झाला की आतले उरलेले द्रव ओतून टाकतात, पुन्हा उष्णता देतात, साचा पाण्यात थंड करतात आणि तुकडा अजून कोमट व लवचिक असतानाच कारागीर पक्कडीने तो अरुंद तोंडातून ओढून काढतो. डोके, धड, हात, पाय असे तुकडे वेगवेगळे निघतात व सांध्यांत बसवले जातात. म्हणून हाती घेतलेल्या मूर्तीच्या शिंगांची आणि बोटांची टोके आधी निरखावीत, कारण हवा अडकून बुडबुडे राहतात ते बहुधा तेथेच. त्यानंतर सांधे फिरवून पाहावेत. सांध्याची कड हाताने कापलेली असल्याने किंचित असमान असते आणि तो दोष समजू नये. कडेला चीर गेलेली असेल तर मात्र ती पुढे वाढत जाते.

आता तळवे. तेथे किंवा पाठीवर निर्मात्याचे चिन्ह, पात्राच्या हक्कदाराचे नाव, क्वचित देशाचे नाव कोरलेले असते. अस्सल मूर्तीवरून साचा काढून केलेल्या नकलेत ही अक्षरे बोथट दिसतात, कातडीवरचे बारीक खवले पुसट होतात आणि मूर्ती मूळ आकारापेक्षा थोडी लहान भरते. दूरवरून खरेदी करताना विक्रेत्याकडे तळव्यांचे, पाठीचे आणि सांध्यांचे छायाचित्र मागावे. तो टाळाटाळ करत असेल तर ती मूर्ती सोडून द्यावी.

एकाच साच्यातून पारदर्शक, अंधारात चमकणाऱ्या, दोन रंगांचे व्हिनाइल मिसळून काढलेल्या अशा कितीतरी आवृत्त्या निघतात, तर ‘मितोसो’ म्हणजे न रंगवलेली मूर्तीही स्वतंत्रपणे विकली जाते. सगळ्या आवृत्त्या जमवण्याचा हट्ट धरला की कपाट आणि खिसा दोन्ही लवकर हार मानतात. त्यापेक्षा एक शिल्पकार, एक लहान निर्माता किंवा एक आकार धरून चालावे.

खरेदीसाठी तोक्योतील नाकानो ब्रॉडवे ही इमारत प्रसिद्ध आहे. मांदाराके या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची अनेक दालने तेथे असून काचेच्या कपाटांसमोर तासभर उभे राहिल्याने जे शिकायला मिळते ते छायाचित्रांतून मिळत नाही. चिबा प्रांतातील माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हल या मूर्तींच्या मेळ्यात लहान निर्माते स्वतः विक्रीला बसतात. प्रसिद्ध पात्रांच्या काही मूर्तींना तेथे केवळ त्या दिवसापुरता परवाना मिळतो, त्यामुळे दिवस संपला की त्यांची विक्रीही संपते. मागणी जास्त असलेल्या मूर्ती ‘चूसेन’ने, म्हणजे सोडत काढून विकल्या जातात. नाव नोंदवणे एवढेच आपल्या हाती असते, आणि नाव निघाले नाही म्हणून त्याच संध्याकाळी दुप्पट भावाने ती विकत घेण्याची घाई करू नये.

घरी आलेली मूर्ती चिकट लागत असेल तर व्हिनाइलला मऊपणा देणारे द्रव्य पृष्ठभागावर आले आहे असे समजावे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य कधीही वापरू नये, कारण त्याने मूर्तीवरचा रंगच निघून येतो. वाकलेला पाय सरळ करायचा असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने सांध्याभोवती सर्व बाजूंनी ऊब द्यावी, व्हिनाइल बोटाने दाबले जाऊ लागले की पाय योग्य स्थितीत धरावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा. पाय काढायचा असेल तरीही आधी ऊब द्यावी, मग हळूहळू फिरवत ओढावा. थंड सांध्यावर जोर केल्यास त्याची कड फाटते.

मांडणी करताना सूर्यप्रकाश टाळावा हे सर्वांना माहीत असते, पण मूर्तींनी एकमेकींना स्पर्श करू नये हे मी नुकसान सोसूनच शिकलो. एक लाल मूर्ती एका पांढऱ्या मूर्तीला टेकून उन्हाळाभर उभी राहिली आणि पांढरीच्या खांद्यावर गुलाबी डाग उमटला. कितीही धुतले तरी तो गेला नाही. तेच मऊपणाचे द्रव्य पॉलिस्टायरीन या प्लास्टिकलाही विरघळवते, म्हणून थर्माकोलवर किंवा त्या प्लास्टिकच्या तबकात मूर्ती थेट ठेवू नये. मध्ये साधा पांढरा कागद घालावा. मूर्ती ज्या पिशवीत येते तिच्या तोंडाशी पिनांनी लावलेला छापील पुठ्ठा फाडू नये. जुन्या मूर्तीची किंमत त्याच्यासह बरीच वाढते. पिना गंजू लागल्या असतील तर त्या अलगद काढून पुठ्ठा वेगळ्या पाकिटात सपाट ठेवावा.