स्पर्श शिष्यवृत्तीसाठी समुद्री कासवांचा तिकीट-प्रकल्प

टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिकिटं जमवण्याचा छंद असलेल्या सहावी ते नववीच्या मुलांना तिच्यातून वर्षाला ६,००० रुपये मिळतात. आमच्या सीमाभागातल्या मराठी शाळांत मात्र अजून बऱ्याच पालकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात विज्ञान शिकवतो. मुलांबरोबर समुद्री कासवांवर तिकीट-प्रकल्प केले, त्यातून जे हाती लागलं ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी इथं लिहितो.

आधी नियम. शाळेत फिलाटेली क्लब, म्हणजे तिकीटसंग्राहकांचं मंडळ हवं, नसेल तर मुलाच्या नावानं टपाल खात्यात फिलाटेली डिपॉझिट खातं हवं; त्यात आधी पैसे भरून नवी तिकिटं मिळवता येतात. मागच्या वार्षिक परीक्षेत साठ टक्के लागतात. पहिली पायरी लेखी प्रश्नमंजूषेची, दुसरी प्रकल्पाची. प्रकल्पात जास्तीत जास्त १६ तिकिटं आणि ५०० शब्द, पानं चार-पाच.

सगळी मेख या सोळा तिकिटांत आहे. मुलं आधी सुंदर तिकिटं गोळा करतात आणि मग त्यांच्याभोवती मजकूर लिहितात. आम्ही उलट केलं. आधी प्रश्न लिहून काढायचे, मग त्या प्रश्नाला उत्तर देणारं तिकीट शोधायचं. ज्या तिकिटाखाली सांगण्यासारखं काही नाही ते कितीही देखणं असलं तरी अल्बममध्येच राहू द्यायचं.

उदाहरण देतो. अमेरिकेच्या टपाल खात्यानं जून २०२४ मध्ये समुद्री कासवांच्या रक्षणासाठी सहा छायाचित्रांचा संच काढला. जगात समुद्री कासवांच्या जाती सात, मग संचात सहाच का? सातवी फ्लॅटबॅक, ती ऑस्ट्रेलियाच्या आसपासच राहते. आता त्या सहांतून केम्प्स रिडले बाजूला काढा. ती मेक्सिकोच्या आखाताकडची. उरलेल्या पाच जाती, म्हणजे ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड, आपल्या भारतीय समुद्रात आढळतात. एका संचावरून भारताची यादी मुलांनी स्वतः काढली. वर्गात मी हेच फळ्यावर लिहून दिलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

पुढचं पान खाण्याचं करा. ग्रीन कासव समुद्री गवत खातं, हॉक्सबिल स्पंज, लेदरबॅक जेलीफिश. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी जेलीफिशसारखीच दिसते, हे मुलांना लगेच पटतं. हॉक्सबिलच्या पाठीपासून पूर्वी कंगवे आणि चष्म्याच्या चौकटी बनत. आज त्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. इथंच एक कळकळीनं सांगतो: प्रकल्पाला शोभा म्हणून कासवाची पाठ, अंड्याचं टरफल असलं काहीही चिकटवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवं आहेत, असल्या वस्तू जवळ बाळगणं हा गुन्हा ठरतो.

पालक विचारतात, गावात समुद्र नाही, मग कासव कशाला? माझ्या मते आमच्या तालुक्याला याहून जवळचा विषय नाही. भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. एका तालुक्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं आणि दोन्हीकडे ऑलिव्ह रिडले अंडी घालते: कोकण, गोवा, कारवारच्या किनाऱ्यावर एकेकटी, ओडिशात हजारोंनी एकदम. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आमच्या मुलांनी शेवटच्या पानावर नद्यांचा नकाशा काढला तो याच कारणानं.

जमलं तर किनारा प्रत्यक्ष पाहा. बेळगावहून आंबोली घाट उतरला की वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी गाठता येतं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला कार्यकर्ते ती कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. हे ऐकल्यावर मुलं वाळूच्या तापमानाबद्दल इतकं विचारत राहतात की हवामानबदलाचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. तिथं टॉर्च, फ्लॅश लावायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही.

तिकिटं घेताना सावध राहा. छोट्या देशांच्या नावानं छापलेली, त्या देशांनी कधीच न काढलेली तिकिटं बाजारात भरपूर असतात आणि त्यांवर प्राणी हमखास असतात. २००२ नंतरचं तिकीट असेल तर जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस यादीत, म्हणजे देशांनी अधिकृतपणे काढलेल्या तिकिटांच्या नोंदीत, शोधून पाहा. मात्र सगळे देश त्या यादीत नाहीत, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. जुनी डिंकाची तिकिटं कोमट पाण्यात भिजवून सुटतात. अमेरिकेची अलीकडची स्वयंचिकट तिकिटं पाण्यात नीट सुटत नाहीत, ती लिफाफ्याच्या कागदासकट कापून ठेवा. हाताळायला बोटं नकोत, चिमटा घ्या.

अर्जाची अधिसूचना टपाल खात्याचं कर्नाटक सर्कल काढतं. तारखा दरवर्षी बदलतात आणि मुदत थोडी असते. भाषेबद्दलचा नियम तिथंच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. डिपॉझिट खातं २०० रुपयांत उघडतं. ते आधीच काढून ठेवा आणि बेळगावच्या हेड पोस्टात महिन्यातून एकदा चौकशी करत राहा.