मुंबई ते चिपी: हवाई अंतर कसे काढायचे, वेळ किती धरायचा

मुंबई–सिंधुदुर्ग सरळ रेषेत साधारण ३५० किमी. हा आकडा वहीत पाच मिनिटांत निघतो.

आधी गाव नव्हे, विमानतळ नक्की करा. ‘सिंधुदुर्ग’ म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातले चिपी. ‘गोवा’ मात्र दोन: तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. सावंतवाडी-बांद्याला जायचे तर मोपा शेजारीच. दाबोळीला उतरलात की झुवारी आणि मांडवी ओलांडून यायचे, आणि स्वस्त तिकिटाचे वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्यायचे.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, चिपी १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.०९. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी, म्हणजे ३४३ किमी. रेखांशांतला फरक ०.६६. रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात त्यांचा एक अंश १०६ किमीच भरतो, म्हणून ७०. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. उत्तर ३५०. १.८५२ ने भागले की १८९ सागरी मैल. मुंबई–लंडनला हे गणित लावू नका, तिथे पृथ्वीचा गोलावा आड येतो.

हमखास चूक होते ती मिनिटांत. मोपाचा अक्षांश १५ अंश ४४ मिनिटे, म्हणजे १५.४४ नव्हे. ४४ भागिले ६० केले की ०.७३, म्हणून १५.७३. एवढ्याशा गफलतीने विमानतळ ३२ किमी दक्षिणेला सरकतो.

आता वेळ. जेट ताशी ८०० किमीने धरले तर २६ मिनिटे, आणि तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास. कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात, रांग ठरलेली. शिवाय १०,००० फुटांखाली वेग ताशी सुमारे ४६० किमीपर्यंतच ठेवायचा असतो, आणि ३५० किमीत वर चढून होते न होते तोच उतरण सुरू. म्हणूनच एटीआर हे पंख्याचे छोटे विमान एवढ्या अंतरात फारसे मागे पडत नाही.

पावसाळ्यात ढग खाली आले आणि ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिक पुन्हा वर उचलतो; कधी दुसऱ्याच विमानतळावर नेतो. जून ते सप्टेंबरमध्ये उतरल्या दिवशीच लग्न गाठायचा बेत नको.

दादरहून कुडाळ असा हिशेब करा: विमानतळ गाठायला १ तास, सामान आणि तपासणीला दीड ते दोन (काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो), उड्डाण सव्वा, सामान मिळायला २० मिनिटे, चिपी ते कुडाळ पाऊण तास. झाले पाच तास. पावसाळा सोडून सकाळची वंदे भारत सीएसएमटीहून कणकवलीला साधारण सहा तासांत पोचवते. जायच्या दिवशी उड्डाण आहे की नाही ते आधी पाहा. रोज असेलच असे धरून रजा टाकू नका.